सोनकांबळे सरांचा मागचा पट्टा

गोड खाऊन वर चहा घेतला की चहा फिका लागतो, हे कुणाला ठाऊक नाही? लग्नात जिलेबीनंतरचा चहा तोंडात घेतला की आपण म्हणतोच, साखर टाकायची विसरले वाटतं. आचारी बिचारा फुकट शिव्या खातो. एवढंसंच शहाणपण लोकांना पटवायला एका माणसानं आयुष्यातली चांगली वर्षं घातली, आणि ते कुणाला पटलं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. सोनकांबळे सर त्यांचं नाव. जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत एक छोटी वायनरी आहे. तिथं ते वाईन बनवायचे आणि मी आलेल्या पाहुण्यांना ती चाखायला द्यायचे.

वायनरी म्हटलं की लोकांना वाटतं काय तरी महाल असणार. तसलं काही नव्हतं. पत्र्याचं मोठं शेड, आत स्टीलच्या टाक्या, कडेला चाखायची खोली, आणि भोवती द्राक्षांचे वेल. मालकांना सगळा गाव दादा म्हणायचा, आम्हीही म्हणायचो. दादा माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. सकाळी एक सांगायचे, दुपारी दुसरं, आणि दोन्ही सरांनी निस्तरायचं.

सर मुरुमचे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. मळीच्या वासानं नाक मरायला लागलं म्हणून ती नोकरी सोडली, असं सांगायचे. उंच, वाळकी अंगकाठी, बारा महिने अंगात बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर, कारण टाक्यांच्या खोलीत गारठा असायचा आणि बाहेर येऊन स्वेटर काढायचाही त्यांना कंटाळा. सकाळी गाडीवरून उतरले की पहिला शब्द, "दमलो, ताई."

"अहो सर, आत्ता तर आलात!"

"कालचं ऱ्हायलं होतं."

माझं माहेर बेंबळी. शेळ्यांचं घर. सोलापूरला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला, लग्न होऊन जळकोटला आले आणि ही नोकरी लागली. पहिल्या दिवशी पाहुण्यांपुढं उभं राहायचं म्हणून मी मोगऱ्याचा घसघशीत गजरा माळला, पावडर लावली, वरून जरा सेंट. सर दारात आले आणि तिथंच थांबले. नुसत्या नाकपुड्या हलल्या.

"ताई, तुळजापूरला निघालात का?"

"नाही सर. कामावर आलेय."

"मंग हा गजरा देवीला पाठवून द्या. इथं वास फक्त गिलासातून यायला पाहिजे."

मला असा राग आला म्हणता! पण गजरा काढला. पुढं कळलं, त्या खोलीत उदबत्ती बंद, फिनेल बंद, वासाचा साबण बंद. वॉचमननं एकदा खिडकीत विडी ओढली, तर सरांनी त्या दिवशीची चाखणी रद्दच केली. दादा ओरडले. सर म्हणाले, "पाहुण्यांना विडीच चाखवायची असली तर चाखवू की. स्वस्तात पडंल."

चाखायची त्यांची रीत ठरलेली. गिलासात बोटभर वाईन घ्यायची, फिरवायची, नाक आत घालून डोळे मिटायचे. मग घोट घेऊन तोंडभर खेळवायचा, आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचा. वर वाळक्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चावायचा, पाणी प्यायचं, मग पुढची टाकी. भाकरी रोज घरून यायची, मुद्दाम शिळी. चाखून थुंकणं वाईनवाल्यांत सगळीकडं चालतं, पण बाकीचे कामाचे घोट थुंकतात आणि संध्याकाळी आवडीचे गिळतात. सरांनी कधीच गिळली नाही. त्यांचं घर बौद्ध, पंचशील पाळणारं. दारू घ्यायची नाही हे पाचवं शील. मी एकदा हिंमत करून विचारलं, "सर, मग हे तोंडात घेतलेलं चालतं?"

"पाचवं शील गळ्यापासून सुरू होतंय, ताई. तोंड पोटापाण्याचं."

सर हे हसून म्हणाले, पण ते हसू काही खरं नव्हतं. त्यांच्या आई मुरुमला सगळ्यांना सांगायच्या, पोरगं द्राक्षाच्या कारखान्यात आहे. त्यापुढं कुणी विचारलं तर विषय बदलायच्या. विहारात कार्यक्रम असला की सर मागच्या रांगेत बसायचे आणि संपताच निघायचे. "दोन्हीकडचे लोक म्हणतेत, ह्यो आपला न्हाय," असं एकदा बोलून गेले आणि लगेच टाकीचं तापमान बघायला उठले.

आता मागच्या पट्ट्याचं सांगते, कारण सर म्हणजे मागचा पट्टा आणि मागचा पट्टा म्हणजे सर.

शेडच्या पाठीमागं उताराची जमीन होती. तिथं शेनिन नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचे जुने वेल. बाकी सगळ्या बागेची तोडणी थंडी सरता सरता उरकायची. हा पट्टा तेवढा सर तोडू द्यायचे नाहीत. घड वेलावरच ठेवायचे. ऊन तापायला लागलं की मणी मऊ पडायचे, साल सुरकुतायची, पाणी उडून जायचं आणि आत नुसती साखर साठायची. मग तोडायचे. त्याचा रस थोडा निघायचा, पण त्याची जी वाईन व्हायची ती सोनेरी, दाट, गोड. गोड म्हणजे सरबतासारखी नव्हे. तिच्या पोटात एक बारीक आंबटपणा असायचा, त्यामुळं तोंडात चिकटून बसायची नाही. सर म्हणायचे, "गोड तर कुणीबी करंल. गोड असून हलकी ऱ्हायली पाहिजे."

पण तोपर्यंत जिवाला घोर. साळुंख्या यायच्या, मधमाश्या यायच्या, अवकाळीचं आभाळ यायचं. तोडणीच्या बायका दुसऱ्या बागांवर निघून गेलेल्या असायच्या, त्यांना परत बोलवायचं तर मिनतवाऱ्या. त्यांची मुकादम शांताबाई, जिभेला हाड नसलेली बाई. सुरकुतलेले घड बघून म्हणायची, "सर, तुमची द्राक्षं म्हातारी झाल्याबिगर तुमी त्यांचं लगीन लावत न्हाय व्हय?" बायका खो खो हसायच्या. सरही हसायचे आणि म्हणायचे, "म्हाताऱ्यालाच खरी चव असतीया, शांताबाई." "मंग आमाला बी टाकीत घाला की," शांताबाई म्हणायची.

दरवर्षी हाच तमाशा. दरवर्षी दादा म्हणायचे तोडून टाका, दरवर्षी सर म्हणायचे जरा सबर करा. सबर करता करता माणूस किती थकतो ते मी त्यांच्याकडं बघून शिकले.

आणि एवढं करून ती बाटली खपायची नाही. का? तर तिच्यासोबत काय खायचं हेच कुणाला कळायचं नाही. दादांचं साधं गणित, गोडासंगं गोड. धाराशिवचे गुलाबजाम मागवायचे आणि पाहुण्यांपुढं वाईनसोबत मांडायचे. पाहुणे गुलाबजाम खायचे, वर घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. "आंबलीय वाटतं." एकानं तर खोकं परत पाठवलं, खराब माल म्हणून. सर समजावून समजावून थकले. ताटातली गोडी गिलासातल्या गोडीच्या वर गेली की गिलासातलं गोड मरतं आणि मागं आंबट तेवढं उरतं. जिलेबीनंतरचा चहा! पण दादांना पटेना. "पाहुण्याला गोड द्यायचं न्हाय म्हंजे काय? तिखट देऊन हाकलायचं का?"

एका हिवाळ्यात सरांनी ठरवलं, आपणच शोधू. दुपारच्या निवांत वेळी मी काही तरी रांधायचे आणि आम्ही दोघं चाखायच्या टेबलाशी बसायचो. काय काय करून बघितलं म्हणून सांगू! श्रीखंड, सपशेल फेल. मिरचीचा ठेचा घेतला तर सर म्हणाले, "आग लागली आणि विझली. दोघांची वळख काय झाली न्हाय." शेंगदाण्याची चटणी बरी वाटली, भाजक्या दाण्याला ती गोडी मानवली. हुरडा आणला, कोवळा, शेकोटीवर भाजलेला. त्याच्या धुरकट वासावर वाईन अशी उघडली की मी "अगं बाई" म्हणाले. सर फक्त मान हलवून म्हणाले, "पण हुरडा वर्षभर कुठनं आणायचा?"

मग मला सुचली कलेजी. बोकड आपल्या उस्मानाबादी जातीचा, कलेजी ताजी, बाकी मसाला नाही. मीठ, भरड मिरी, तव्यावर जरासं तेल. आत गुलाबी राहील एवढीच भाजायची, नाही तर रबर होतं. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही, माझ्या बापानं शिकवलं. सरांनी तुकडा खाल्ला, घोट घेतला, खेळवला, थुंकला. आणि गप्प बसले. त्यांचं कौतुक म्हणजे गप्प बसणं. खूप वेळानं म्हणाले, "अजून एक द्या." कलेजीचा तो कडसर स्निग्धपणा आणि वाईनची गोडी, एकमेकांना धरून राहिली होती.

पण सगळ्यात भारी निघाला भूमचा खवा. साखर न घातलेला, तव्यावर तांबूस होईतो परतलेला, वर मिठाची चिमूट. दूध आटल्याची आपसूक गोडी असते तेवढीच, आणि मीठ. त्यावर वाईन म्हणजे, खरं सांगते, मला शब्द सापडत नाहीत. सरांना सापडायचे. आमच्या माहितीपत्रकावर कुणा शहाण्यानं छापलं होतं, या वाईनला पीचचा सुगंध येतो. सर मला म्हणाले, "ताई, तुमी पीच खाल्लंय का?"

"नाही."

"म्या बी न्हाय. मंग आपल्याला कशाचा येतोय?"

मी गिलासात नाक घातलं. "सीताफळ. फार पिकलेलं, काळं पडायला आलेलं."

"अजून?"

"काहिलीत गूळ उकळताना फेस येतो ना, त्याचा."

"हां. हेच सांगत जा पाहुण्यांना. कळलं तर कळलं, न्हाय तर न्हाय." त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा उजळलेला पाहिला. फार वेळ नाही टिकला.

कारण त्या उन्हाळ्यात गारा पडल्या. मागचा पट्टा अजून उभाच होता, आठवडाभरात तोडायचा होता. पाऊणएक तास आभाळ फाटलं आणि सगळे घड खाली चिखलात. बाकी बाग आधीच तोडलेली, तिचं काही गेलं नाही. पुढल्या जानेवारीत दादांनी सरांना आणि मला समोर बसवलं.

"सर, आता माझ्यानं न्हाय व्हायचं. त्या पट्ट्यात खायच्या द्राक्षाची नवीन जात लावतो म्हणायलोय. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातले लोक येणार हैत, त्यांना गोड वाईन पाहिजे म्हणत्यात. त्यांनी आपली धरली तर पट्टा ऱ्हाईल. न्हाय धरली तर ह्या सालापासून बंद. जेसीबी लावून वेल काढतो."

"ठीक हाय," सर म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कलेजी ताजी बघून आणा."

चांगल्या वर्षाच्या काही बाटल्या सरांनी जपून ठेवल्या होत्या, त्यातल्या काढल्या. बाटली किती वेळ गार करायची, गिलास कुठले, आधी काय, मग काय, सगळं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी वैतागले. आधी नुसती वाईन, कोऱ्या तोंडानं. मग खवा. मग कलेजी. शेवटी हुरडा, हंगाम होताच. आणि गोड पदार्थ खोलीत फिरकू द्यायचा नाही. मी म्हटलं, "सर, माईंना सांगितलंत का?"

माई म्हणजे दादांच्या आई. ऐंशीच्या घरातल्या. शेडच्या पुढंच त्यांचं घर, आणि आल्या पाहुण्याचं तोंड गोड केल्याशिवाय त्याला पुढं जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नेम. पाहुणा मोठा साहेब असो की वीजबिल वाटणारा. स्वतः केलेला पेढा, तोही एकटा कधी द्यायच्या नाहीत, जोडीनं. माणूस एकटा पडू नये म्हणून.

"माईंना काय सांगायचं?"

"हेच की उद्या पेढे देऊ नका."

सर माझ्याकडं बघत राहिले. "तुमी सांगताव?"

"मी कशी सांगू? मी त्यांच्या नातसुनेच्या वयाची."

"मंग म्या कसं सांगू?" म्हणाले आणि गिलास पुसायला लागले. दादांना सांगायची तर सोयच नव्हती, त्यांचं तर मत गोडासंगं गोड.

पाहुणे आले. एक बाई, हॉटेलची खरेदी बघणारी, आणि एक तरुण शेफ. चांगली माणसं होती, नाव ठेवायला जागा नाही. गाडीतून उतरली आणि माई ओट्यावर उभ्याच. पेढ्यांची जोडी एकेकाच्या तळहातावर. त्या बाईला पेढा इतका आवडला की तिनं आणखी एक मागून घेतला. मी सरांकडं बघितलं. सर आभाळाकडं बघत होते.

तरी त्यांनी सावरलं. पाहुण्यांना आधी बाग दाखवायला नेलं, हळूहळू, प्रत्येक वेलाशी थांबत. भाकरीचा तुकडा चावायला दिला, पाणी पाजलं. शेफला मजा वाटली, म्हणाला, ही भाकरी मी हॉटेलात ठेवतो. खोलीत आलो तोवर तोंडं कोरी झाली होती. मी गिलास भरले. पहिला घोट नुसता. शेफनं डोळे मिटले आणि त्या बाईकडं बघून भुवया उडवल्या. मी खव्याच्या बश्या उचलल्या.

तेवढ्यात दार उघडलं आणि माई आत. हातात ताट, ताटात बासुंदीच्या वाट्या, मागून दादा हसत. "अगं माय, रिकाम्या तोंडी पेत्यात व्हय कुणी? घ्या बाळांनो, आधी हे घ्या. आमच्या म्हशीच्या दुधाची हाय."

सर माईंच्या अगदी शेजारी उभे होते. एक शब्द बोलले असते, माई, जरा थांबा, एवढं म्हणाले असते तर काम झालं असतं. मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होते, बोला, बोला. सरांनी पुढं होऊन माईंच्या हातातलं ताट घेतलं. मला वाटलं, आता बाजूला ठेवतील. त्यांनी ते टेबलावर पाहुण्यांपुढं मांडलं आणि वाटीत चमचा घातला.

मग काय व्हायचं ते झालं. दाट, वेलदोड्याची, गोडमिट्ट बासुंदी. दोन-दोन वाट्या. त्यावर वाईनचा घोट. शेफच्या कपाळावर आठी आली. पुन्हा घोट घेतला, पुन्हा आठी. "पहिल्यांदा वेगळी लागली होती," असं तो त्या बाईला हळू म्हणाला. नंतर कलेजी आली, हुरडा आला, पण पोट भरलेलं, जीभ साखरेनं लडबडलेली, आणि त्यांना सोलापूरहून गाडी पकडायची होती. जाताना त्यांनी आमच्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाईनची बोलणी केली. दादा खूश. गोड वाईनबद्दल पाहुणे म्हणाले, पुढं कधी तरी बघू.

माई ओट्यावर थांबल्याच होत्या. सरांना हाक मारली. "सर, पाव्हणे खूश होऊन गेले न्हवं?"

"व्हय माई. लई खूश. बासुंदी लई आवडली त्यास्नी."

"बरं झालं बाई," माई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मला रडूच कोसळलं. रागानं. खोलीत येऊन मी बश्या आपटल्या आणि म्हणाले, "सर, तुमची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली आणि तुम्ही चमचा घालून दिलात! का नाही थांबवलंत?"

सर खुर्चीत बसले. स्वेटरच्या कडेचा धागा ओढत राहिले. मग त्यांनी सांगितलं. ते इथं पहिल्यांदा नोकरी विचारायला आले तेव्हाची गोष्ट. त्यांचे वडील असल्याच एका गावात सालगडी होते. तिथं चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, आणि सणाला लाडू मिळायचा तो वरून, हाताला हात न लागता. लहानपणी सरही ओंजळ करून उभे राहिलेले. पुढं शिकले, नोकरी केली, सगळं बदललं म्हणतात ते बदललं. तरी या ओट्यापाशी आले तेव्हा माईंनी नाव विचारलं, आडनाव विचारलं. सरांनी सांगितलं. आणि हात आपोआप पुढं झाला, ओंजळ करून.

"माईंनी माझं मनगट धरलं, ताई. तळहात सरळ केला आणि पेढे ठेवले. वरनं सोडले न्हाईत, ठेवले. त्यांना आज आठवत बी नसंल. त्यांच्या लेखी काय झालंच न्हवतं. त्यांनी काय माझ्यावर उपकार केले असं म्या म्हणत न्हाय. माणसानं माणसाला पेढा द्यावा तसा दिला, बस. पण त्या हातानं दिलेलं कुणाला तरी नको म्हणा असं म्या म्हणायचं? माझ्या तोंडून न्हाय निघत. एवढ्याशा गोष्टीनं माणूस बांधला जातो. त्याचाच लई कंटाळा येतो बघा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी खव्याची बशी त्यांच्यापुढं सरकवली. गार झाला होता. त्यांनी थोडा खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले.

महिन्याभरात बाकीच्या बागेसोबत मागच्या पट्ट्याचीही तोडणी लागली. घड टवटवीत, हिरवट, कुठं सुरकुती नाही. सरांनीच शांताबाईला सांगितलं, तोडा. ती एरवी तोंडानं अखंड चालणारी बाई, त्या दिवशी मुकाट्यानं कात्री चालवत होती. शेवटच्या ओळीपाशी क्रेट संपले. उद्या येऊन तोडू म्हणाली. "ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले. दादांनीही फारसं मनावर घेतलं नाही, त्यांना जेसीबीची घाई. पण जेसीबी रस्त्याच्या कामावर अडकलेला, आज येतो उद्या येतो करत उन्हाळा चढला. पाणी बंद केलेलं, बाकीच्या ओळींच्या तारा सोडवून ठेवलेल्या, वेल जमिनीवर लोळत पडलेले. सरांनी तोवर दादांना सांगून टाकलं होतं, जूनपासून मी येत नाही. कर्नाटकात त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीनं एका डेअरीच्या लॅबमध्ये जागा होती. माझीही रजा लागणार होती, बाळंतपणासाठी मी बेंबळीला निघाले होते. तेव्हा सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, जेसीबी आला त्या सकाळी.

मी पोचले तेव्हा सर शेवटच्या ओळीत उभे होते. त्या ओळीचं सगळ्यांना विस्मरण झालं होतं. घड मधाच्या रंगाचे झाले होते, मणी आक्रसलेले, मधमाश्यांचा नुसता घोंगाट. जेसीबीवाला उतरून विचारत होता, सर, कुठनं धरू?

"पलीकडनं धर, बाबा. इकडं यायला तुला येळ लागंल."

तो गेला. सरांनी एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. "खा."

मी तोंडात टाकला. काय सांगू! साल पातळ कागदासारखी, दाताखाली नुसती विरघळली, आणि आत रस नव्हे, पाकच. पण त्या पाकाच्या मागून तो आंबटपणा आला, बारीकसा, आणि सगळं तोंड हलकं करून गेला. एवढ्या वर्षांत मी असा मणी खाल्ला नव्हता.

"झालंय," सर म्हणाले. "आज तोडायला पाहिजे होतं. काल न्हाय, उद्या न्हाय. आज."

त्यांचा आवाज स्वच्छ होता. मीच तोंड फिरवलं. त्यांनी शेडमधून घमेलं आणलं आणि घड तोडायला लागले. मी पोटुशी, मला वाकता येईना, वरचे वरचे तोडले. पलीकडून वेल उपटल्याचा आवाज येत होता, मुळं तुटतात तो. जेसीबीवाला मध्येच पाणी प्यायला थांबला तेव्हा सरांनी त्याला एक घड नेऊन दिला. त्यानं उभ्या उभ्या खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाला, "आयला सर, एवढी गोड द्राक्षं काढून टाकायलाव व्हय?"

"व्हय. घे की अजून."

त्यानं घेतले, दोन घड फडक्यात बांधून सीटशेजारी ठेवले, पोरांना म्हणून. मग पुन्हा यंत्र सुरू केलं. ओळीमागून ओळ करत तो आमच्याकडं सरकत आला. धूळ अशी की घमेलं पदरानं झाकावं लागलं. शेवटच्या ओळीपाशी त्यानं लोखंडी हात वर उचलला, आणि सर एकदम पुढं झाले, हात उंच करून त्याला थांबवलं. त्यानं इंजिन हळू केलं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. दादाही बांधावरून बघत होते. पण सर खाली वाकले, पानाआड राहिलेले घड तेवढे तोडून घमेल्यात टाकले, आणि बाजूला होऊन म्हणाले, "चल, घे."